सतरा नंबरचा गोळा

सुरुवातीलाच सांगून ठेवते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आधीही ठेवत नव्हते आणि हे लिहून झाल्यावरही ठेवणार नाही. सव्वीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवतेय. नव्या गाडीला लिंबू-मिरच्या बांधणाऱ्या शेजाऱ्याशी भांडलेली आहे, अंगात येणाऱ्या चुलत जावेच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलेलं आहे (अंगातलं ताबडतोब उतरलं), आणि दर वर्षी दहावीच्या पोरांना नारळातून जाळ काढून दाखवते, मग तो कसा काढला तेही दाखवते. अशा बाईला या ग्रुपवर येऊन 'अनुभव' लिहावा लागतोय, याचाच मला संताप येतोय. भीती नाही... संताप. घाबरायची हौस असेल त्यांनी पुढचं वाचू नका. हे भरदुपारी घडलं, तिघांच्या डोळ्यांदेखत घडलं आणि यात कुठेही पांढरी साडी नाही.

खरं तर हे मी लिहायचं नव्हतंच. ज्याने लिहून खाली सही करायला हवी होती त्याने शेपूट घातलं, म्हणून मी लिहितेय.

जागा नीट सांगते. बीड जिल्हा, परळी तालुका. धर्मापुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून डावीकडे एक कच्ची वाट फुटते. त्या वाटेने तीनेक किलोमीटर गेलं की उघड्या माळावर एक दगडी खोली, एक गळकी लोखंडी पाण्याची टाकी आणि चिंचेचं झाड दिसतं. तेच रिसाला कॅम्प स्टेशन. माणसांची आणि स्टेशनांची नावं मी बदलली आहेत, पण त्या भागातल्याला कळायचं ते कळेल.

रिसाला म्हणजे घोडदळ. निजामाच्या राज्यात त्या माळावर घोडदळाची छावणी होती. रेल्वे आली तेव्हा इथे स्टेशन झालं ते गावासाठी नाही, घोड्यांसाठी. घोडे डब्यातून नीट उतरावेत म्हणून बांधलेला दगडी उतार अजून शाबूत आहे. माणसांसाठी मात्र प्लॅटफॉर्म कधी उंच झालाच नाही. माझी आई नऊवारी सावरत, दांडीला लोंबकळत डब्यात चढायची आणि मग मला वर ओढून घ्यायची. घोड्यांना उतार, बायकांना दांडी! असो. पुढे महायुद्धाच्या काळात तिथे बराकी उठल्या, पोलीस ॲक्शननंतर आपली फौज आली, मग बरीच वर्षं चांदमारीची, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची छावणी होती. फौजेची स्पेशल गाडी आली की आम्ही पोरं टाकीवर चढून बघायचो. मग छावणी हलली. मग छोटी लाईन जाऊन मोठी आली आणि नवी लाईन दीड किलोमीटर पलीकडून गेली. इथले रूळ उचलले, तारा काढल्या, खांब उपटले, खोलीला कुलूप लावलं. स्टेशन आहे पण रेल्वे नाही, असा प्रकार.

या स्टेशनात माझे वडील किसन सांधेवाले होते, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

आता गोळ्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं. लाईन एकेरी. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या तर समोरासमोर धडकतील. म्हणून प्रत्येक दोन स्टेशनांमध्ये एक यंत्रांची जोडी असायची, या स्टेशनात एक आणि पुढच्या स्टेशनात एक. यंत्राच्या पोटात मोसंबीएवढे पोलादी गोळे, प्रत्येकावर नंबर आणि स्टेशनाचं नाव कोरलेलं. गोळा हाच गाडीचा परवाना. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. आणि खरी गोम अशी की आपल्या मनाने गोळा काढताच येत नाही. आपण घंटेचं बटण दाबून पुढच्या स्टेशनला विचारायचं, तिथल्या मास्तराने त्याच्याकडचं बटण दाबून धरायचं, तारेतून करंट यायचा, तेव्हा कुठे आपल्या यंत्राचं हँडल सुटायचं आणि खालच्या तोंडातून एकच गोळा बाहेर पडायचा. पलीकडे माणूस बटण दाबून उभा नसेल तर हँडल जागचं हलत नाही. हे नीट लक्षात ठेवा.

गाडी आली की ड्रायव्हरने आणलेला गोळा सांधेवाल्याने घ्यायचा, मास्तराच्या हातात द्यायचा आणि मास्तराने तो यंत्रात टाकायचा. देताना सांधेवाल्याने नंबर मोठ्याने म्हणायचा. मास्तराने तोच नंबर परत म्हणायचा. मगच सांधेवाल्याने हात सोडायचा. कागद नाही, सही नाही... नुसता उच्चार.

बेचाळीस वर्षांपूर्वी, मी दुसरीत असताना, बोरखडी स्टेशनकडून फौजेची स्पेशल आली. आण्णांनी गोळा आणला. मास्तर — त्यांना मी भास्करराव म्हणते — एका फौजी साहेबाशी हुज्जत घालत उभे होते. आण्णा म्हणाले, "सतरा नंबर, बोरखडी." भास्कररावांनी तिकडेच बघत हात पुढे केला. नंबर परत म्हटला नाही. आणि आण्णांनी हात सोडला.

बस्स. एवढीच आण्णांची चूक. आयुष्यभर ते हेच सांगत आले: "मास्तरनं नंबर म्हनला न्हाई, अन् मी गोळा सोडला. यंत्रात पडल्याचा आवाज मी कानानं ऐकला. पन नंबर म्हनला न्हाई."

संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा एक गोळा कमी. रेल्वेत गोळा हरवणं म्हणजे घरात साप शिरण्यासारखं. चौकशी बसली. भास्कररावांनी लिहून दिलं की किसनने गोळा माझ्या हाती दिलाच नाही. चौकशीच्या कागदावर एक ओळ आहे, मला तोंडपाठ आहे: 'यंत्र उघडून पाहिले, गोळा आढळला नाही.' आण्णा म्हणाले, यंत्र माझ्यासमोर उघडा. सांधेवाल्याचं कोण ऐकतो? आण्णांची नोकरी गेली. भास्कररावांची बदली झाली... पुढच्याच स्टेशनात, बोरखडीला. त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला.

आणि आमच्या घराला नाव पडलं गोळेचोर. मी शाळेत गोळेचोराची पोरगी. संक्रांतीला आण्णा कुणाकडे गेले की कोणीतरी हमखास म्हणायचं, "लाडू मोजून ठिवा बे, किसन आलाय." सगळे हसायचे. आण्णाही हसायचे. ते हसायचे याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. पुढे त्यांनी पिठाची गिरणी चालवली, आम्हाला शिकवलं, पण रेल्वेत पाय ठेवला नाही. आणि एक सवय कायमची लागली. आण्णांनी हातात काही दिलं, चहाचा कप असो की पेन्सिल, की "घेतलं" म्हणावं लागायचं. म्हटल्याशिवाय ते सोडायचेच नाहीत. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे वडील असंच करतात.

आता या वर्षीचं. गावच्या पुढाऱ्यांना अचानक रिसाला स्टेशनच्या इतिहासाचा पुळका आला. स्मरणिका काढायची ठरली. लिहायचं काम सुभेदारांकडे. सुभेदार म्हणजे गावातलेच, फौजेतून निवृत्त झालेले, त्या खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच असते. वाईट माणूस नाही. पण स्मरणिकेची कच्ची प्रत माझ्या हातात पडली आणि माझं डोकंच फिरलं. पान बारावर छावणीतल्या गोऱ्या साहेबाचं भूत, घोड्यासकट. आणि पान चौदावर चौकटीत, 'एक मजेदार आठवण': याच स्टेशनातील एका सांधेवाल्याने चक्क गाडीचा गोळाच लंपास केला होता! त्याचे पुढे काय केले हे गुलदस्त्यातच राहिले. (बहुधा वरवंटा केला असावा!)

वरवंटा केला असावा!

मी तशीच सुभेदारांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले.

"हे काय छापताय तुम्ही?"

"कावून, काय झालं ताई?" त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. "अहो, नाव कुठं लिवलंय? नुसती गंमत हाय."

"नाव लिहायची गरजच नाही. सगळ्या तालुक्याला पाठ आहे. माझे वडील जिवंत आहेत सुभेदारकाका, चष्मा लावून रोज पेपर वाचतात. ते हे पान वाचणार."

"छपाईला गेलंय वो ताई ते..."

"मग परत आणा."

ते हो-नाही करत राहिले. शेवटी मीच घरी येऊन आण्णांना सगळं सांगितलं, दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत. मला वाटलं ते नेहमीसारखे हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "माय, मला एकडाव त्या यंत्राजवळ ने. बाकी काय न्हाई. बेचाळीस वर्सं झाली, बघितलं न्हाई."

सुभेदारांच्याही बहुतेक मनाला लागलं होतं. रविवारी खोली उघडतो म्हणाले.

रविवार, सकाळचे साडेअकरा. शिवारात ज्वारी निसवलेली, हुरड्याचे दिवस. आण्णांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले आणि ट्रंकेतला निळा सदरा काढून घातला, रेल्वेचा. तो त्यांनी ठेवलाय हे मला माहीतच नव्हतं. मी गाडी चालवत होते, सुभेदार मोटारसायकलवर पुढे.

खोलीत पारव्यांची घाण, एक मोडकी खुर्ची, आणि भिंतीला लागून यंत्र. लाल रंगाचं, अर्धा रंग उडालेला. स्टेशन बंद झालं तेव्हा गोळे पोत्यात भरून नेले, यंत्र जड म्हणून राहिलं. मी सवयीने आधी मागची बाजू बघितली. तारांचा जुडगा पक्कडीने कापलेला, टोकं भिंतीपाशी लोंबत होती. बॅटरीची जागा रिकामी, तिथे उंदरांनी चिंध्यांचं घर केलेलं. हे मी यंत्र वाजायच्या आधी बघितलं आहे, नंतर नाही. पुन्हा सांगते, आधी.

"हँडल पार धरलंय," सुभेदार म्हणाले. "स्मरणिकेच्या फोटूसाठी मी दोनी हातांनी जोर लावला गेल्या म्हैन्यात. केसभर हाललं न्हाई."

आण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि यंत्र पुसायला लागले. आधी घंटा, मग बटण, मग हँडल. आजारी माणसाचं तोंड पुसावं तसं हळू. मला ते बघवेना. ज्या यंत्राने या माणसाचं वाटोळं केलं ते हा पुसतोय! मी म्हणणारच होते की आण्णा, पुरे, चला...

टण्.

एकच ठोका. मी सुभेदारांकडे बघितलं, मला वाटलं यांचा मोबाईल. सुभेदार माझ्याकडे बघत होते. आण्णांचा हात पंच्यासकट हवेत थांबला.

टण्.

घंटेची जीभ हललेली मी बघितली. पारवा बसला असेल, वारा असेल, उंदीर असेल... एका क्षणात मी सगळं मनात तपासलं, मला तीच सवय आहे. पारवा नव्हता, वारा नव्हता.

"ध्यान द्या म्हंतोय," आण्णा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, कोणी दारात हाक मारावी तसं. आणि त्यांनी बटण दाबून एक ठोका परत दिला. सवयीने. मी "आण्णा!" म्हणून ओरडले, पण तोवर देऊन झाला होता.

मग ठोके आले. दोन लगोलग, जरा थांबून एक. पुन्हा दोन, पुन्हा थांबून एक. तो थांबलेला मधला क्षण मला अजून ऐकू येतो.

"मास्तरचा हात हाय," आण्णा म्हणाले.

"कोण मास्तर?"

"भास्करराव. घंटीवर परत्येकाचा हात येगळा असतो, माय. त्येचा हा असाच. दोन टाकून दम खायाचा."

मी यंत्राच्या मागे वाकले. तारा तशाच, कापलेल्या, लोंबत्या. त्या तारा मी हातात धरल्या होत्या, आणि माझ्या डोक्याशी घंटा वाजत होती. विज्ञानाच्या बाईला याच्यापेक्षा मोठी शिवी असेल का?

"त्यो इचारत न्हाई," आण्णा म्हणाले. "देतोय त्यो. बटन दाबून उभा हाय." त्यांनी सुभेदारांकडे बघितलं, जणू परवानगी मागावी तसं. "फिरवू का?"

आण्णांनी हँडलला हात घातला. जे सुभेदारांना दोन्ही हातांनी हललं नव्हतं, ते या एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या एका हाताने गिरणीच्या चाकासारखं फिरलं. आत काहीतरी घरंगळलं. आणि खालच्या तोंडातून एक गोळा त्यांच्या तळहातावर येऊन पडला.

घंटा थांबली. नंतर ती वाजली नाही.

आण्णांनी गोळा पंच्याने पुसला आणि माझ्यापुढे धरला. "वाच गं. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई."

बोरखडी. १७.

मी रडले. लपवत नाही. आधी रडले आणि मग मला असा राग आला की त्या यंत्राला लाथ घालावी. 'यंत्र उघडून पाहिले, गोळा आढळला नाही.' कोणी उघडलं होतं? कोणी पाहिलं होतं? नंतर पोतं भरून गोळे नेले तेव्हा तरी कोणी आत डोकावलं का? सगळा जन्म तो गोळा त्याच्या पोटात कुठेतरी अडकून पडलेला, आणि बाहेर लोक लाडू मोजतायत!

सुभेदार बाहेर जाऊन घोड्यांच्या उतारावर बसले होते. घामाने सदरा भिजलेला. मी त्यांच्यासमोर वही आणि पेन धरलं.

"लिहा. जे बघितलं ते. तारीख घाला, सही करा. चौदा नंबरच्या पानावर हे छापा."

त्यांनी पेन घेतलं नाही. "ताई, असं नगा करू. मी फौजेत सत्तावीस वर्सं काढली. लोक म्हंतील सुभेदाराला चळ लागला."

"आणि पान बारावर घोड्यावरच्या साहेबाचं भूत छापलंय ते?"

"ते कुनीच बघितलं न्हाई ना," सुभेदार कळवळून म्हणाले. "म्हनून तर छापता येतं. हे मी बघितलंय, ताई."

मग ते हळूच म्हणाले, "अन् दुसरं. लोकांना गोळा दाखवला, तर लोक काय म्हंतील? म्हंतील, बघा, घरीच होता. बेचाळीस वर्सांनी आनून टाकला."

हे मात्र खरं होतं. आणि म्हणूनच ते इतकं झोंबलं. निर्दोष असल्याचा पुरावा हातात, आणि त्याच पुराव्याने माझे वडील पुन्हा चोर ठरणार. एकच साक्षीदार, तो उतारावर बसून कपाळाचा घाम पुसतोय.

आण्णा खोलीतून बाहेर आले. गोळा पंच्यात गुंडाळून छातीशी धरलेला. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार. म्हणाले, "चल. चालू टेशनात जाऊ."

"आधी घरी चला, जेवा, मग बघू."

"घरी न्हाई न्यायचा," आण्णा एकदम कडक आवाजात बोलले. त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "रेल्वेचा गोळा हाय. येक रात बी घरी ठिवायचा न्हाई."

नव्या लाईनवरचं जवळचं स्टेशन गाठलं. ड्यूटीवर पंचविशीतला एक मुलगा होता, लातूरकडचा, समोर कॉम्प्युटर. अदबीने उठून उभा राहिला. मी त्याला घंटेचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, हे जुन्या रिसाला स्टेशनचे सांधेवाले, तिथल्या यंत्रात राहिलेला गोळा सापडलाय, तो जमा करायचाय.

"आजोबा, आता हे काही नसतं," तो हसून म्हणाला. "पण द्या, ठेवतो मी." आणि त्याने हात पुढे केला.

आण्णा ताठ उभे राहिले. गोळा त्याच्या हातावर टेकवला.

"सतरा नंबर, बोरखडी."

"हो, हो," मुलगा म्हणाला, आणि गोळा घ्यायला गेला. गोळा सुटेना. त्याने जरा ओढला. आण्णांची बोटं आवळलेली. मुलाने गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"सतरा नंबर, बोरखडी," आण्णा पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज फाटला.

"अहो, म्हणा ना तुम्ही!" मी त्या बिचाऱ्यावर केवढ्याने खेकसले. "ते म्हणाले तसं म्हणा!"

"सतरा नंबर... बोरखडी," मुलगा म्हणाला.

आण्णांनी हात सोडला.

मुलाने न मागता चिठ्ठी करून दिली: जुना टोकन गोळा एक, क्रमांक १७, मिळाला. खाली सही, शिक्का. आण्णांनी ती चार घड्या करून निळ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते आणि तोंडही चालवत होते. म्हटलं, मेल्यावर उपरती झाली का त्या माणसाला? बोरखडीला अकरा वर्षं त्याच तारेच्या टोकाला बसून होता. तेव्हा एक कागद लिहिता आला नाही? जिवंतपणी बोलायला काय धाड भरली होती? (भास्करराव वारून वीसहून जास्त वर्षं झाली. मी नंतर नीट चौकशी केली आहे.)

आण्णा खिडकीबाहेर ज्वारी बघत होते. "तुजं खरं हाय," म्हणाले. "पन त्येचा बी हात थरथरत हुता, माय. मी ऐकलं ना."

"थरथरू दे! मी माफ केलेलं नाही."

"नगं करू," आण्णा म्हणाले. "तुजं तू बघ. माजा हात मोकळा झाला."

त्यानंतर मी गप्प बसले नाही, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. बोरखडीला जाऊन आले. स्टेशनची खोली कधीच पाडली आहे. तिथे आता कोणाचं तरी वावर आहे, ज्वारी उभी. बांधावर चौथऱ्याचे चार दगड. ना खांब, ना तार. शेतकऱ्याला विचारलं, त्या रविवारी दुपारी इथे कोणी होतं का? तो म्हणाला, आमी सगळी हुरड्याला पल्याडच्या वावरात, हितं कुतरं बी नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका इंजिनीअरला सगळं सांगितलं. गोळा आत अडकून राहू शकतो म्हणाला, धक्क्याने पडूही शकतो. बरं वाटलं. मग विचारलं, आणि घंटा? आणि करंटशिवाय न सुटणारं हँडल? तर म्हणाला, मॅडम, तुम्ही दमला होता. मी फोन ठेवून दिला.

स्मरणिका आली. पान बारावर साहेब आणि त्याचा घोडा जसेच्या तसे. पान चौदावरची मजेदार आठवण काढली आहे. तिच्या जागी पुढाऱ्यांचा हात जोडलेला फोटो, स्मरणिकेतला सहावा. खुलासा नाही, दिलगिरी नाही. सुभेदार रस्त्यात भेटले की मान खाली घालतात. एकदा मी मुद्दाम गाडी थांबवून विचारलं, काका, घंटा वाजली होती की नाही? एवढंच सांगा. ते म्हणाले, "वाजली ताई." आणि इकडेतिकडे बघत निघून गेले. सही अजून नाही.

तेव्हा मी सांगते. घंटा वाजली. तारा कापलेल्या होत्या, बॅटरी नव्हती, पलीकडे स्टेशनच नव्हतं, आणि तरी कोणीतरी बटण दाबून धरलं होतं. ते कसं, हे मला सांगता येत नाही. दर वर्षी विजेचा धडा शिकवताना मी मुलांना सांगते की परिपथ पूर्ण झाल्याशिवाय घंटा वाजत नाही. या वर्षीही सांगितलं. सांगताना आवाज जरा बसला, एवढंच. मी अजूनही भुतांवर विश्वास ठेवत नाही. पण किसन सांधेवाल्याने गोळा चोरला नव्हता, आणि ज्यांनी ज्यांनी लाडू मोजले त्यांनी हे वाचावं.

त्या दिवशीचंच एक सांगायचं राहिलं. घरी आलो तेव्हा चार वाजले होते. मी इतकी थकले होते की आण्णांनीच चहा टाकला. दोन कप भरून आणले, एक माझ्यापुढे धरला. मी बूट काढत होते. मला माहीत होतं की "घेतला" म्हटल्याशिवाय ते सोडणार नाहीत, म्हणून मी सावकाश हात पुढे केला.

त्यांनी सोडून दिला. कप माझ्या बोटांना लागून फरशीवर पडला, फुटला, चहा सगळीकडे उडाला. मी तशीच बघत राहिले. आण्णा हसायला लागले. संक्रांतीला हसायचे तसे नाही. मग आतून फडकं आणायला गेले.